साध्या गोष्टीसाठी सर्वोच्च न्यायालय

जून २०२१ मधला एक फोटो अजून डोळ्यासमोर आहे. ऑलिम्पिकवीर मल्ल सुशील कुमारला दिल्लीच्या मंडोली तुरुंगातून तिहारला हलवत होते. खुनाच्या गुन्ह्यातला आरोपी, अटकेला जेमतेम महिना झालेला. त्याच्याभोवती दिल्ली पोलिसांचे जवान उभे आहेत, कॅमेऱ्याकडे बघून हसताहेत, आणि सुशीलही हसतोय. लग्नाच्या मांडवात नवरदेवाबरोबर काढतात तसा फोटो. तो बाहेर फुटल्यावर खात्यानं चौकशी लावली.

फोटो पाहून मला संताप आला, पण यायला थोडा वेळ लागला, आणि तो वेळच मला जास्त खटकला. त्या जवानांना काय वाटलं असेल ते मला नेमकं कळत होतं. २० ऑगस्ट २००८ ला बीजिंगमध्ये सुशील पहिलीच लढत हरला होता. रेपेचाजमधून, म्हणजे हरलेल्याला मिळणाऱ्या दुसऱ्या संधीतून, तो परत आला, एकामागोमाग तीन कुस्त्या मारल्या आणि ६६ किलो गटाचं कांस्य घेतलं. खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीहून आणलेल्या कांस्यानंतर कुस्तीत ऑलिम्पिकचं पदक यायला ५६ वर्षं गेली होती. आमच्या तालमीत त्या संध्याकाळी पेढे वाटले गेले आणि मारुतीच्या तसबिरीशेजारी पेपरातलं सुशीलचं चित्र चिकटवलं गेलं. २०१२ ला तो लंडनहून रौप्य घेऊन आला तेव्हा चित्र बदललं, जागा तीच राहिली. अशा माणसाला बेड्या पडलेल्या बघताना मन आधी त्याच्या बाजूनं वकिली करतं. हे मन खाकी वर्दीतल्या माणसालाही असतं, पत्रकारालाही असतं, आणि ज्याला न्यायालयात उभं राहून बोलायचंय त्या पोरालाही असतं.

नावाजलेल्या खेळाडूंना गुन्ह्याच्या आरोपात वेगळी वागणूक मिळते का, हा प्रश्न आपण बहुधा निकालाच्या दिवशी विचारतो. सुटला की म्हणतो, बघा, सुटलाच. शिक्षा झाली की म्हणतो, बघा, कायद्यापुढे सगळे सारखे. मला वाटतं आपण चुकीच्या दिवशी बघतो. वेगळी वागणूक मिळते, यात मला शंका नाही. पण ती निकालाच्या कितीतरी आधी मिळून गेलेली असते. तक्रार नोंदवायला किती महिने लागले, साक्षीदार कुणाच्या छपराखाली झोपतो, खटला किती वर्षं रेंगाळला, या जागी ती असते. आणि तिची किंमत समोरच्याला मोजावी लागते, आयुष्यातल्या वर्षांत.

छत्रसाल स्टेडियमचंच प्रकरण घ्या. ४ मे २०२१ च्या रात्री उत्तर दिल्लीतल्या या स्टेडियममध्ये काही कुस्तीगिरांना मारहाण झाली. त्यातला सागर धनखड दगावला. २३ वर्षांचा, ज्युनियर गटातला माजी राष्ट्रीय विजेता. वाद एका फ्लॅटवरून झाला आणि मारहाणीचं नेतृत्व सुशीलनं केलं, असा पोलिसांचा आरोप आहे. सुशीलनं तो नाकारलाय. सुशील अठरा-एकोणीस दिवस सापडत नव्हता, त्याच्यावर १ लाखाचं इनाम लागलं, २३ मे ला अटक झाली. ऑक्टोबर २०२२ मध्ये रोहिणीच्या न्यायालयानं त्याच्यासह १८ जणांवर आरोप निश्चित केले. खटला चालू आहे, तेव्हा दोषी की निर्दोष हे न्यायालय सांगेल. मला बोलायचंय ते दुसऱ्या गोष्टीबद्दल.

तुरुंगात गेल्यावर सुशीलनं खास आहार आणि सप्लिमेंट मागितली. न्यायालयानं नकार दिला, कायद्यापुढे सगळे सारखे असं सांगून. टोकियो ऑलिम्पिकच्या वेळी त्यानं टीव्ही मागितला, तो बराकीबाहेरच्या सामायिक जागेत लावून दिला. वर्तमानपत्रांत यावर बरीच चर्चा झाली. पण टीव्ही आणि प्रोटीन पावडर ही फार किरकोळ बाब आहे. तुरुंगात एखाद्याला चार अंडी जास्त मिळाली म्हणून न्याय बिघडत नाही.

तो बिघडतो साक्षीदारापाशी. त्या रात्री स्टेडियममध्ये कोण असणार? तिथं सराव करणारी, तिथंच राहणारी पोरं. आणि सुशील तिथं फक्त ऑलिम्पिकवीर नव्हता. रेल्वेतून दिल्ली सरकारकडे प्रतिनियुक्तीवर येऊन तो त्याच स्टेडियमचा विशेष कार्याधिकारी होता. तिथं वर्षानुवर्षं पोरं घडवणारे महाबली सतपाल हे त्याचे गुरू, आणि सासरेही. वसतिगृहातली खाट, मॅटवरचा वेळ, चाचणीला कुणाला पाठवायचं, रेल्वेतल्या नोकरीसाठी कुणाची शिफारस, हे सगळं अशा माणसाच्या शब्दाभोवती फिरतं. ज्यानं कधी तालीम पाहिली नाही त्याला हे कदाचित लक्षात येणार नाही. बारा वर्षांचं पोर घर सोडून येतं, पहाटे चारला उठून आखाडा खणतं, वस्तादाचं अंग रगडतं, आणि त्याला पहिल्या दिवशी शिकवलं जातं की वस्तादाच्या समोर मान वर करायची नाही. ही शिस्त मला वाईट वाटत नाही, तिच्यातूनच मल्ल घडतात. पण त्याच पोराला पुढे साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं करून आपण म्हणतो, आता निर्भयपणे बोल. ते कसं बोलेल?

बोललं नाहीच. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं सुशीलला जामीन दिला, साडेतीन वर्षांहून जास्त कोठडी झाली आणि खटला संपायची चिन्हं नाहीत म्हणून. हा आधार कायद्यात बसणारा आहे. खटल्याविना माणसाला अनंत काळ आत ठेवणं हाही अन्यायच. पण १३ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं तो जामीन रद्द केला. तोवर तपासलेल्या साक्षीदारांपैकी बहुतेक जण फितूर झाले होते. न्यायालयानं साफ सांगितलं की आरोपी नावाजलेला मल्ल आहे, देशाचं प्रतिनिधित्व केलेला आहे, समाजावर त्याचा प्रभाव आहे. अशा माणसाचा साक्षीदारांवर दबाव पडणार नाही असं म्हणता येत नाही. एरवी कीर्ती ही जामिनासाठी जमेची बाजू म्हणून मांडली जाते: देशासाठी पदकं आणलीत, पळून कुठं जाणार? इथं तीच कीर्ती दुसऱ्या पारड्यात टाकून तोलली गेली. माझ्या मते त्या निकालातली ही सर्वांत मोलाची गोष्ट.

आता हे लक्षात घ्या की जामीन रद्द करून मागायला सर्वोच्च न्यायालयात कोण गेलं. सागरचे वडील.

याच्याही आधी एक इशारा मिळालेला होता. डिसेंबर २०१७ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेसाठी दिल्लीत निवड चाचणी होती. सुशील आणि प्रवीण राणा यांच्या लढतीनंतर दोघांच्या समर्थकांत हाणामारी झाली, राणाच्या बाजूनं मारहाणीची तक्रार झाली आणि पोलिसांनी सुशील व त्याच्या समर्थकांवर गुन्हा नोंदवला. ज्या स्टेडियममध्ये हे घडलं त्याला नाव आहे खाशाबा जाधवांचं. मराठी माणसाला हे वाचताना काय होतं ते वेगळं सांगायला नको. पुढे काय झालं? एप्रिल २०१८ मध्ये सुशील गोल्ड कोस्टला गेला, सुवर्णपदक घेऊन आला, आणि ती हाणामारी कुणाच्या लक्षात राहिली नाही. कदाचित त्याचा तिच्याशी थेट संबंध नसेलही. पण संघटनेनं खोलात जाऊन विचारायला हवं होतं, आणि पदक दिसत असताना विचारायची कुणालाच गरज वाटली नाही.

नवज्योत सिद्धूंचं प्रकरण याहून जुनं आणि अनेक अर्थांनी जास्त बोलकं आहे. २७ डिसेंबर १९८८, पतियाळा. रस्त्यात गाडी उभी करण्यावरून वाद, ६५ वर्षांच्या एका गृहस्थांना मारहाण, त्यात त्यांचा मृत्यू. सिद्धू तेव्हा पंचविशीचे, १९८७ चा विश्वचषक गाजवून झालेले. प्रकरण न्यायालयात असताना पुढची दहा वर्षं ते भारताकडून खेळत राहिले. १९९९ मध्ये सत्र न्यायालयानं निर्दोष सोडलं. २००६ मध्ये उच्च न्यायालयानं सदोष मनुष्यवधासाठी ३ वर्षांची शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयानं त्या दोषसिद्धीलाच स्थगिती दिली, त्यामुळे २००७ च्या अमृतसरच्या पोटनिवडणुकीत त्यांना उभं राहता आलं, आणि ते निवडूनही आले. मे २०१८ मध्ये अंतिम निकाल लागला: १,००० रुपये दंड. मृताच्या कुटुंबानं पुनर्विलोकन याचिका केली. १९ मे २०२२ ला, घटनेला ३३ वर्षं उलटून गेल्यावर, एक वर्षाची सक्तमजुरी झाली. चांगल्या वर्तणुकीची सूट धरून १ एप्रिल २०२३ ला ते बाहेर आले.

त्या २०२२ च्या निकालात एक मुद्दा आहे, जो मला तालमीतल्या जुन्या शिकवणीशी जुळणारा वाटला. न्यायालय म्हणालं की मुष्टियोद्धा, मल्ल, क्रिकेटपटू किंवा अत्यंत तंदुरुस्त माणूस जेव्हा हात उगारतो तेव्हा तो हातच हत्यार ठरू शकतो. आमचे वस्ताद हेच वेगळ्या शब्दांत सांगायचे: पैलवानानं बाहेर कुणावर हात टाकायचा नाही, कारण त्या हातातली ताकद त्याला माहीत असते आणि समोरच्याला माहीत नसते. म्हणजे खेळाडू असणं ही शिक्षेत सूट मागण्याची गोष्ट नव्हे. जबाबदारी वाढवणारी गोष्ट आहे. १९८८ ला जी गोष्ट कुठलाही वस्ताद सांगू शकला असता ती न्यायव्यवस्थेच्या तोंडून यायला ३३ वर्षं लागली.

आणि तिसरं उदाहरण, ज्यात आरोपी खेळाडू नव्हता, खेळाडू फिर्यादी होत्या. जानेवारी २०२३ मध्ये विनेश फोगाट, साक्षी मलिक आणि बजरंग पुनिया जंतरमंतरवर बसले. कुस्ती महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष आणि खासदार ब्रिजभूषण शरण सिंह यांच्यावर महिला कुस्तीगिरांच्या लैंगिक छळाचा आरोप होता. त्यांनी तो कायम नाकारलाय. एप्रिलमध्ये मुलींनी पोलिसांकडे लेखी तक्रारी दिल्या, तरी गुन्हा नोंदला जाईना. त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि २८ एप्रिलला पोलिसांनी न्यायालयात सांगितलं की आज नोंदवतो. बरोबर एक महिन्यानं, २८ मे ला, नव्या संसद भवनाकडे निघालेल्या याच कुस्तीगिरांना रस्त्यावर फरफटत गाडीत कोंबलं गेलं आणि दंगलीच्या कलमाखाली त्यांच्यावर गुन्हा दाखल झाला, त्याच दिवशी. ब्रिजभूषण यांना अटक न करताच जूनमध्ये दोषारोपपत्र दाखल झालं. अल्पवयीन मुलीच्या तक्रारीचं प्रकरण मे २०२५ मध्ये न्यायालयानं बंद केलं. बाकीच्या तक्रारींवर मे २०२४ मध्ये आरोप निश्चित झाले. त्या खटल्याचं काय व्हायचं ते होईल. पण ऑलिम्पिकचं पदक आणलेली साक्षी मलिक पाठीशी असतानाही या मुलींना साधा एफआयआर नोंदवून घ्यायला देशातल्या सर्वांत वरच्या न्यायालयाचं दार ठोठवावं लागलं, हे कुठल्याही निकालानं पुसलं जाणार नाही.

तीन प्रकरणं, तीन वेगळे गुन्हे, आणि तिन्हींत एकच वाट. तक्रार नोंदवणं, साक्षीदार सुरक्षित ठेवणं, अपराधाला साजेशी शिक्षा देणं, या पोलीस ठाण्यात आणि जिल्हा न्यायालयात व्हायच्या गोष्टी. त्या दुबळ्या बाजूला सर्वोच्च न्यायालयापर्यंत चढून मिळवाव्या लागल्या. वेगळी वागणूक म्हणतात ती हीच. कायदा बदलत नाही, फक्त त्याच्यापर्यंत पोचायची पायरी उंच होते. ज्यांना एवढं चढता येत नाही, त्यांची प्रकरणं आपल्याला माहीतही नाहीत.

यावर कुणी म्हणेल, प्रसिद्धीमुळे खेळाडूच जास्त भरडला जातो. हे काही वेळा खरं आहे. मे २०१३ मध्ये आयपीएलमधल्या स्पॉट-फिक्सिंगच्या आरोपावरून श्रीशांत, अजित चंडिला आणि मुंबईचा अंकित चव्हाण यांना अटक झाली. टोळ्यांसाठी केलेला मोक्का त्यांना लावला. अंकितला लग्नासाठी अंतरिम जामीन घ्यावा लागला. जुलै २०१५ मध्ये दिल्लीच्या न्यायालयानं तिघांनाही आरोपमुक्त केलं, पण क्रिकेट मंडळानं बंदी उठवली नाही. श्रीशांतची आजन्म बंदी सात वर्षांवर यायला पुन्हा सर्वोच्च न्यायालयच लागलं. आता याच मंडळाचं दुसरं वागणं बघा. मार्च २०१८ मध्ये मोहम्मद शमीवर त्याच्या पत्नीनं घरातल्या हिंसेचे आणि पैशाच्या संशयास्पद व्यवहाराचे आरोप केले. त्यानं ते नाकारले. मंडळानं करार रोखला आणि आपल्या भ्रष्टाचारविरोधी पथकाकडून चौकशी केली, पण फक्त पैशाच्या मुद्द्याची. तो मुद्दा निकाली निघताच करार मिळाला. घरातल्या हिंसेचा प्रश्न मंडळाच्या लेखी पोलिसांचा. शमी दोषी होता असं मी म्हणत नाही, मला ते ठरवायचा अधिकार नाही. पण संस्था कशानं खडबडून जागी होते ते यातून दिसतं. सामन्याच्या विश्वासार्हतेला धक्का लागला की ती न्यायालयापेक्षाही कठोर होते, कारण धंदा त्यावर उभा आहे. एखाद्या माणसाला इजा झाली तर ती कायदा आपलं काम करील असं सांगून बाजूला होते.

पिंकी प्रामाणिकची आठवण मला अजून अस्वस्थ करते. पुरुलियाची मुलगी, २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत ४ गुणिले ४०० मीटर रिलेत सुवर्ण जिंकणाऱ्या संघातली. जून २०१२ मध्ये तिच्यावर बलात्काराचा आरोप झाला आणि ती मुळात स्त्रीच नाही असं सांगितलं गेलं. लिंगतपासणीच्या नावाखाली तिची विटंबना झाली, तपासणीच्या वेळची चित्रफीत मोबाइलवरून देशभर फिरली, जवळजवळ चार आठवडे ती कोठडीत होती. रेल्वेनं निलंबित केलं. सप्टेंबर २०१४ मध्ये कोलकाता उच्च न्यायालयानं प्रकरण रद्द केलं. तिच्याकडेही सुवर्णपदक होतं. तिच्यासोबत फोटो काढायला कुणी वर्दीवाला पुढे आला नाही. म्हणून मी म्हणतो की कवच पदकाचं नसतं. तुमच्या पडण्यानं किती मोठ्या लोकांचं नुकसान होणार, यावर कवचाची जाडी ठरते. पिंकी निवृत्त झालेली होती, तिच्यावर कुणाचं काही अवलंबून नव्हतं.

मग करायचं काय? आरोप होताच खेळाडूला बाहेर काढा, असं म्हणणं सोपं आहे. श्रीलंकेचा दनुष्का गुणतिलका नोव्हेंबर २०२२ मध्ये टी-२० विश्वचषकाच्या वेळी सिडनीत लैंगिक अत्याचाराच्या आरोपावरून पकडला गेला. बोर्डानं लगेच निलंबित केलं, संघ त्याला मागे सोडून मायदेशी परतला, आणि जामिनाच्या अटींमुळे तो जवळजवळ अकरा महिने ऑस्ट्रेलियात अडकला. सप्टेंबर २०२३ मध्ये तो निर्दोष सुटला. नेपाळनं उलट केलं. संदीप लामिछानेवर बलात्काराचा खटला चालू असताना निलंबन उठवून त्याला खेळवलं. कीर्तिपूरला स्कॉटलंडच्या खेळाडूंनी त्याच्याशी हस्तांदोलन केलं नाही. जानेवारी २०२४ मध्ये त्याला ८ वर्षांची शिक्षा झाली आणि मे मध्ये उच्च न्यायालयात तो सुटला. दोघेही अखेर निर्दोष. तरीही मला श्रीलंकेची वाट बरी वाटते. गुणतिलकाचे अकरा महिने गेले हे दुःखाचंच आहे. पण राष्ट्रीय जर्सी घालून आरोपी मैदानात उतरतो तेव्हा देश आपली बाजू सांगून मोकळा झालेला असतो, आणि तक्रार करणारी मुलगी ते टीव्हीवर बघत असते.

आपल्याकडे केंद्र सरकारच्या नोकराला ४८ तासांहून जास्त कोठडी झाली की तो निलंबित मानला जातो. कुणाची मर्जी विचारावी लागत नाही. सुशीललाही रेल्वेनं निलंबित केलं ते असंच, अटकेपाठोपाठ. शिपायाला लागू असलेला हा नियम संघटनांनी खेळाडूंना, प्रशिक्षकांना आणि पदाधिकाऱ्यांना याच धर्तीवर लावावा. गंभीर गुन्ह्यात आरोप निश्चित झाले की निवड थांबेल, निर्वाह भत्ता चालू राहील, सुटल्यावर जागा आणि थकलेलं मानधन परत मिळेल. नियम आधी लिहिलेला असला की त्यात राग-लोभ शिरायला जागा कमी. यात प्रशिक्षक आणि पदाधिकारी हवेतच, कारण पोरांची खाट आणि निवड त्यांच्याच हातात असते.

त्याहून महत्त्वाचे साक्षीदार. डिसेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं साक्षीदार संरक्षण योजना मान्य करून सगळ्या राज्यांना बांधील केली. त्यात साक्षीदाराचं स्थलांतर आहे, पोलीस बंदोबस्त आहे. पण वसतिगृहातल्या अठरा वर्षांच्या मल्लाला बंदुकीची भीती नसते तेवढी घरी परत पाठवलं जाण्याची असते. त्याच्या बापानं खुराकासाठी रान गहाण टाकलेलं असतं. त्याला दुसऱ्या राज्यात दुसरा आखाडा, तीच शिष्यवृत्ती आणि चाचणीत उतरायची लेखी हमी देता आली, तर तो बोलेल. हे काम पोलिसांना एकट्यानं जमणार नाही. क्रीडा खात्यानं त्यात उतरलं पाहिजे. कोल्हापूर, पुणे, सांगलीच्या तालमींतही हेच लागू आहे. आमच्याकडे पोरं कुणाच्या तालमीतली म्हणून ओळखली जातात, निवडणुकीच्या दिवसांत कुणासाठी उभी राहतात, हे सगळ्या गावाला ठाऊक असतं. उद्या त्यांच्यातल्या कुणी काही पाहिलं, तर ते कुणाला सांगायचं याची जागा आज त्याच्याकडे नाही.

मारुतीच्या तसबिरीशेजारचं ते चित्र आमच्या तालमीत कुणी काढलं, मला माहीत नाही. मागच्या खेपेला गेलो तेव्हा भिंतीवर चौकोनी डाग तेवढा होता. मला त्या वेळी पुन्हा तो जून २०२१ चा फोटो आठवला, वर्दीतले हसरे चेहरे आठवले. सागरचे वडीलही दिल्ली पोलिसांतच होते.